कॅलरिक आणि काशाची वाटी

उशीर झाला, एवढं नक्की. बाबांना बांधीवरून, म्हणजे धानाच्या शेतावरून, घरी आणून निजवलं तेव्हा एक वाजत आला होता, आणि गाडी भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा तीन वाजून गेले होते. मधले दोन तास कोणी घालवले, हे ठरवण्यात मी पुढचे आठ महिने घालवले. ठरवलं म्हणजे काय, निकाल माझा पहिल्या दिवशीच झाला होता. नुसता पुरावा शोधत होते.

मी आंधळगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. स्वभावानं तापट आहे आणि एका जागी मला बसवत नाही. फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत माझ्या येरझाऱ्या चालू असतात. मॅडमच्या तासाला मान दुखते, असं मुलं म्हणतात, आणि ते खरं असावं. त्या दोन तासांची गोष्ट सांगायची तर आधी एका बाद झालेल्या शब्दाची सांगावी लागेल, कारण त्या दुपारी मी त्याच शब्दावर लिहीत होते. शब्द आहे कॅलरिक.

तो मला सापडला जिल्हा तुटला तेव्हा. गोंदिया वेगळा झाला आणि माणसांबरोबर कपाटांचीही वाटणी झाली. कोणाची बदली इकडे, कोणाची तिकडे, निम्मे लोक सामान बांधून बसलेले. त्या धांदलीत कोणालाच नको असलेलं जुन्या इंग्रजी पुस्तकांचं एक खोकं फिरत फिरत आमच्या प्रयोगशाळेत येऊन पडलं. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, दोन टेबलं आणि एका बाजूला कललेला तराजू. खोक्यात पदार्थविज्ञानाचं एक पुस्तक होतं, पुढची पानं उधईनं खाल्लेली. त्यातल्या उष्णतेच्या प्रकरणात हा शब्द ओळीओळीला येत होता आणि मला तो ठाऊक नव्हता. न कळलेला शब्द दिसला की मला अन्न गोड लागत नाही. वर्ष-दीड वर्ष मी त्याच्या मागे होते.

दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका रसायनशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी हे नाव रूढ केलं. त्यांच्या मते उष्णता हे एक द्रव्य होतं. पातळ, दिसत नाही, हाती लागत नाही, पण असतं. तापलेल्या वस्तूत जास्त, गार वस्तूत कमी, आणि जास्तीतून कमीकडे वाहत जाणारं. लोखंड तापल्यावर फुगतं काहून? आत कॅलरिक घुसतं म्हणून. बर्फ वितळताना उष्णता पितो आणि तरी तापत नाही, ते का? कॅलरिक आत दडून बसतं म्हणून. कुठलाही प्रश्न टाका, उत्तर तयार. त्या माणसानं मूलद्रव्यांची यादी केली, तेव्हा ऑक्सिजन-हायड्रोजनच्या पंगतीला कॅलरिकलाही पाट मांडून दिला. हे लोक भोळसट नव्हते. सगळं मोजून-मापून करणारे होते, आणि म्हणूनच मला त्यांचा राग यायचा.

पुढे तिकडे क्रांती झाली आणि त्या माणसाचं डोकं उडवलं गेलं. त्याच्या विधवेनं काही वर्षांनी दुसरं लग्न केलं, तेही कोणाशी, तर ज्यानं कॅलरिकचं थडगं खणायला घेतलं त्याच्याशीच. हा दुसरा तोफांच्या कारखान्यावर देखरेख करायचा. तोफेच्या नळीला आतून भोक पाडताना ती सपाटून तापते, हे त्यानं पाहिलं. मग मुद्दाम बोथट हत्यार घेतलं, नळी पाण्यात बुडवली, घोडे जुंपले आणि फिरवत राहिला. शेवटी पाणी उकळलं. विस्तव नाही, काही नाही, नुसतं घासून. जोवर घासावं तोवर उष्णता निघतच राहिली. त्यानं विचारलं ते एवढंच, की जी वस्तू कितीही काढली तरी संपत नाही, ती आत साठवलेली असेल कशी? त्याचं आणि त्या बाईचं मात्र जमलं नाही. एकदा भांडणात तिनं त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं, असं सांगतात. वर्गात हा भाग आला की मुली टेबलं वाजवायच्या.

शब्द तरी लगेच मेला नाही. पुढं कितीतरी वर्षं पुस्तकांतून वावरत राहिला. त्याच्याच घराण्यातली कॅलरी अजून बिस्किटाच्या पुड्यावर बसलेली आहे. आणि आपण सगळेच अजून उष्णता वाहते, उष्णता मुरते, उष्णता बाहेर पडते, असं बोलतो. मीही बोलते. वर्गात असं बोलले की स्वतःवरच चिडायची आणि फळ्यावरचं पुसून टाकायची.

बाबांना मी हे सगळं जेवताना सांगितलं होतं. बाबा धान खरेदीच्या केंद्रावर काटा करायचे, म्हणजे पोती तोलायचे. सारी नोकरी त्यात गेली. निवृत्त झाल्यावर दीड एकराची बांधी आणि माझी थट्टा, हे दोनच उद्योग त्यांना उरले होते. मला ते गर्मीची मास्तरीण म्हणायचे. कॅलरिकचं ऐकून त्यांनी घास हातातच ठेवला.

"वस्तू हाये म्हणतेस, तं वजन पाहिजे तिले," ते म्हणाले. "ओला धान जड भरते. तोच चार दिवस उन्हात टाक, हलका होते. ऊन खाऊन हलका! मंग तुया उन्हाचं वजन गेलं कुठं?"

मी उडालेच. उष्णतेला वजन आहे का, हे पाहण्यासाठी मोठमोठ्यांनी नाजूक तराजू लावून माना मोडल्या होत्या आणि हाती काही लागलं नव्हतं. बाबा तिथं भाजीपोळी खाता खाता पोचले होते. हे त्यांना सांगितलं तर दोन दिवस त्यांच्या चालण्यात ऐट होती. आईला त्यांनी चारदा ऐकवलं.

आईकडे मात्र उष्णता वस्तूच होती, असं मी धरून चालले होते. ऊन तापायला लागलं की आमच्या घरात फळीवरून काशाची वाटी खाली यायची. कोणाचे डोळे जळजळले, कोणाच्या अंगाची लाही झाली, की आई त्याला बसवायची, तळपायाला गाईचं तूप लावायची आणि वाटीच्या बुडानं घासत राहायची. थोड्या वेळानं तूप काळं व्हायचं. काळं आलं म्हणजे उष्णता निघाली. आमच्या भागात हे घरोघर चालतं. मृग लागला की वाटी परत फळीवर. हिवाळ्यात ती कोणी खाली काढली, असं मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

वर्गात कॅलरिक शिकवलं की दर साली कोणी ना कोणी विचारायचंच, "मॅडम, उष्णता वस्तू नाही, तं वाटीले काळं काय लागते मंग?" मी म्हणायची, मळ असतो पायाचा, आणि पुढं जायची. मळ असतो, हे मी पाहिलं होतं का? नाही. एकदाही नाही. दुसऱ्यांना प्रयोग करून पाहा म्हणणारी मी, माझ्याच घरातली वाटी मी कधी तपासली नाही.

त्या मे महिन्यात उन्हाळी धान कापणीला आलं होतं. बाबा भारे बांधून घ्यायला सकाळीच बांधीवर गेले. डोक्याला दुपट्टा बांधा म्हणून मी ओरडले, तर खिशातला कांदा काढून दाखवला आणि हसत गेले. मला सुट्टी होती. पुढच्या आठवड्यात भंडाऱ्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणात कॅलरिकवर बोलायचं होतं, ते लिहायला घेतलं होतं. कापणीच्या दोन बाया त्यांना दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आल्या. "बाबाजीले ऊन लागलं," एवढं सांगून त्या पाणी पिऊन परत गेल्या.

आम्ही त्यांना पडवीत निजवलं. कपाळावर ओला फडका टाकला. आई तूप आणि वाटी घेऊन पायाशी बसली. मी हात लावून पाहिला, अंग भट्टीसारखं तापलेलं आणि कोरडं ठाक. हे कोरडं असणं किती वाईट, ते मला कळायला हवं होतं. घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं आणि घामच आटला तर आत काय होतं, हे मी नववीला पाठ करून घेते. बाबा डोळे मिटून पुटपुटत होते, "कट्टा ठेव... दुसरा कट्टा ठेव..." कट्टा म्हणजे पोतं. मला वाटलं, मनानं काट्यावर बसलेत.

"आई, गाडी बोलावू का?"

"थांब वो. निघून राहिली. पाह्य, कशी काळी निघून राहिली!"

मी वाटीच्या बुडाकडे पाहिलं. तूप काजळासारखं झालं होतं. आता जे लिहिते आहे ते लिहिताना मला लाज वाटते, पण तेच घडलं. ते काळं पाहून माझ्या जिवाला बरं वाटलं. निघतंय तर, असं मनात आलं आणि मी आत जाऊन लिहायला बसले. थोड्या वेळानं पुन्हा आले. आईनं फडक्यानं पुसून दुसरं तूप लावलं होतं, तेही काळं झालं होतं. पहिल्याहून जास्तच. बाबांचं पुटपुटणं थांबलं होतं. मला वाटलं, झोप लागली. मी पुन्हा आत गेले.

तिसऱ्यांदा बाहेर आले ते आईच्या ओरडण्यानं. बाबांचे डोळे पांढरे झाले होते आणि हातपाय ताठून झटके देत होते. मग मी धावले. शेजाऱ्यांची जीप, पाण्याची बादली, ओल्या चादरी. सगळं जे दोन तास आधी करायचं, ते मी मोहाडीच्या पुढं चालत्या गाडीत करत होते. दवाखान्यात त्यांनी बर्फ लावला, सलाईन लावली, करायचं ते सगळं केलं. घाम कधी थांबला, असं डॉक्टरांनी विचारलं. एवढा सोपा प्रश्न, आणि मला सांगता येईना. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

पुण्यानुमोदनाला बाया आईजवळ बसून बोलत होत्या. "तुनं लई केलं वो बाई. शेवटलोक पाय घासले. उष्णताच लई होती अंगात, तू तरी काय करशीन." आई मान खाली घालून बसली होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. उठून परसात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

मग ते आठ महिने. आईनं भाजी वाढली तरी मला राग येई, नाही वाढली तरी येई. मीठ कमी, दार उघडं, दिवा चालू, कशावरूनही मी तोंड सोडायची, आणि जे बोलायचं होतं ते एकदाही बोलले नाही. प्रशिक्षणाला गेले नाही. लिहिलेले कागद पेटीच्या तळाशी टाकले. शाळेत त्या वर्षी कॅलरिक शिकवलंच नाही. पुस्तकातलं जेवढ्यास तेवढं खुर्चीत बसून वाचून दाखवलं, तर पोरं घाबरली, मॅडमला बरं नाही म्हणून. घरी मात्र पाय थांबत नव्हते. पडवी ते परस, परस ते पडवी. चालताना डोक्यात एकच वाक्य: मी गाडी बोलावू का म्हणाले होते, तीच थांब म्हणाली.

जानेवारीत एका रविवारी मी फळीवरून वाटी काढली. गारठा होता. आई अंगणात उन्हाला बसून सुपात लाखोरीची डाळ पाखडत होती. मी ठरवून तिच्यासमोर बसले. माझे पाय गारठून निळे पडायच्या बेतात होते. अंगात उष्णता नावाचं काही असेलच तर त्या दिवशी नक्की नव्हतं. तूप लावलं आणि तळपाय घासायला लागले. दोन-चार मिनिटांत तूप काळं झालं. पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा काळं. पाय साबणानं धुऊन आले, म्हणजे मळाचीही सबब नको. तरी काळं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. घासत राहा, निघतच राहतं, संपतच नाही. तोफेवाल्याचाच मुद्दा, आमच्या अंगणात. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. पुरावा मिळाला होता.

"पाह्य आई," मी म्हणाले. आवाज वर्गातला लागला होता. "माये पाय थंडे पडले हायेत, हात लावून पाह्य. मंग हे काळं कुठून आलं?"

आईनं पाहिलं. "काश्यातून येते," ती म्हणाली. "अजून कुठून येईन?"

"तुले माईत होतं?"

"माई माय बाळंतिणीचे पाय घासे. पुसाच्या थंडीत. सर्वायचं काळंच होये. पाटावर घासलं तरी होते."

"मंग त्या दिवशी कायले म्हणत होतीस, निघून राहिली, निघून राहिली?"

"त्याईच्या कानावर पडाव मनून. घाबरला का माणूस अजून खचते." तिनं सूप खाली ठेवलं. "आन मले बी हाताले काम पाहिजे होतं. नुसतं पाह्यत कशी बसू?"

"मंग गाडी काहून नाही आणू देली मले?" मी ओरडलेच. आठ महिने दाबून ठेवलेलं ते वाक्य शेवटी अंगणात पडलं.

आई ओरडली नाही. "थांब म्हणलं मी, खरं हाये. पण तू माही आयकते कवा? आजलोक आयकली का? तू आली, वाटीकडे पाह्यलं आन आत गेली. पुन्हा आली, पुन्हा पाह्यलं, पुन्हा आत गेली. मी वाटीकडे नोती पाह्यत. मी तुया तोंडाकडे पाहून राहिली होती. म्हणलं, शिकलेली पोरगी हाये, घाबरन्यासारखं असतं तं हिनं मले झिडकारून गाडी आणली असती. तू गेली आत. मले वाटलं, बरं हाये मंग."

अंगणात ऊन होतं आणि मला थंडी वाजत होती. त्या दुपारी आमच्या घरात कॅलरिकवर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि ते विज्ञान शिकवत होतं. आई माझ्या भरवशावर होती. मी वाटीच्या. दोन तास आईनं घालवले नव्हते. ते माझे होते, सगळेच्या सगळे, आणि तिला मी आठ महिने त्यासाठी छळलं होतं. मला माफ कर, असं म्हणायचं होतं.

आईनं फडकं घेतलं आणि माझे तळपाय पुसायला लागली. बोटांच्या सांध्यांतलं काळं तिनं नखानं काढलं.

"आत काय करून राहिली होती वो तू?" तिनं विचारलं. इतक्या दिवसांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

"एक वाक्य जुळत नव्हतं," मी म्हणाले. "ते पुरं करून राहिली होती."

आईनं मान हलवली. टोमणा नव्हता, मी तिचा चेहरा पाहिला. मी कामाला बसले की ती नेहमी विचारायची, तसंच तिनं विचारलं.

"मंग, झालं होतं का ते?"

"झालं होतं," मी म्हणाले.